दार, आवाजासकट

१४ मे

कुणाकडेही न शिकता, या दोन हातांनी मी केलेल्या वस्तू : चर्चच्या पायऱ्यांशेजारची चाकाच्या खुर्चीसाठीची उतरण. पार्कातल्या बँडच्या चौथऱ्याचं छप्पर. डेलबर्टच्या ट्रकचा हौदा. आमच्या स्वैपाकघरातली सगळी कपाटं. आमच्या लेकीच्या, केंड्राच्या वासराला जिल्ह्याच्या जत्रेत निळी फीत मिळाली त्या वर्षीचा गोठा. एक होडी, जी अजून पाण्यात उतरलेली नाही, कारण बरं म्हणावं असं तळं सत्तर मैलांवर आहे आणि ती न्यायचा गाडा करायचा राहिला. दुरुस्त केलेल्या वस्तू यात धरलेल्या नाहीत, त्या धरल्या तर वही पुरायची नाही.

आणि आता हे दार. जगातलं सर्वांत मोठं जाळीचं दार. उंची एक्केचाळीस फूट दोन इंच. चौकट विजेच्या जुन्या खांबांची, बिजागऱ्या रेल्वेच्या मोडीत काढलेल्या पुलाच्या, जाळी गुरांच्या कुंपणाची. घरच्या दाराच्या जाळीचं भोक जितकं, त्याच्या बरोब्बर प्रमाणात. जागा आमचीच, हायवेच्या कडेची.

व्हर्ना सकाळी कॉफीचा कप घेऊन दारापाशी उभी राहिली. दोन्ही बाजूंना नुसतं नेब्रास्काचं रान.

"एमेट," ती म्हणाली, "याच्यात आत कुठलं आणि बाहेर कुठलं?"

"बिजागऱ्या दिसतात ती बाहेरची बाजू."

"म्हणजे आपलं घर बाहेर आहे."

तीस वर्षांच्या संसारात या बाईने एकदाही नुसतं 'छान झालंय' म्हटलेलं नाही.

१८ मे

पेपरात फोटो आला. खाली छापलंय, 'चाळीस फुटी दार'. फोन केला. पेपरातली पोरगी म्हणाली, राऊंड फिगर केली, सर. म्हटलं, चौदा इंच म्हणजे राऊंड फिगर नव्हे. चौदा इंचांत माणसाचा हात कोपरापर्यंत जातो.

पेपरात पुढे असंही आहे की बिगेलो गावच्या जगातल्या सर्वांत मोठ्या किटलीनंतर आपल्या भागाला हा दुसरा मान. किटली! तिच्या तोटीतून कॉफी येत नाही. जिच्यातून कॉफी येत नाही ती टाकी. हायवेवरच्या प्रत्येक गावाने असलं काहीतरी जगातलं सर्वांत मोठं उभं करून ठेवलंय, आणि त्यातली एकही वस्तू आपलं काम करत नाही. माझं दार करील. उघडेल आणि आपटेल.

स्प्रिंग तेवढी बसवायची आहे.

२७ मे

चाचणी झाली. जे घडलं ते क्रमाने लिहितो, कारण गावात आत्ताच चार तऱ्हेने सांगितलं जातंय.

हजर : मी, व्हर्ना, डेलबर्ट. डेलबर्ट क्राउझ धान्याची कोठारं सांभाळतो, गावाच्या बोर्डावर आहे, आणि पहिलीपासून माझ्या शेजारी बसत आलाय. दुपारची वेळ, वारा बेताचा. विंच फिरवून दार पूर्ण उघडलं. व्हर्नाने फोन धरून शूटिंग चालू केलं. मी खिटी ओढली.

जाळीचं दार कसं वाजतं ते लोक विसरलेत. आधी स्प्रिंगचं किरर्र. मग धाड्. मग दार चौकटीवरून उडून पुन्हा बसतं, तो धाकटा धप्. तिन्ही पाहिजेत. गेला सगळा हिवाळा मी त्या धाकट्या धप्‌मागे होतो. आज तिन्ही आले. छातीत लागले. शेतातली कबुतरं उठली. डेलबर्टने टोपी काढली आणि म्हणाला, "एमेट, लेका!"

एवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडचं ओरडणं मला इथे ऐकू येत होतं. "कोठार उडालं! डेलबर्ट आत आहे! सगळे निघा!"

"मी आत नाही," डेलबर्ट म्हणाला. "मी एमेटकडे आहे. दार लागलं."

"कसलं दार?"

पण तोवर व्हायचं ते झालं होतं. इथे मोठा आवाज झाला की माणूस एकच गोष्ट समजतो : धान्याच्या धुळीने पेट घेतला आणि कोठार गेलं. बंबावरचे सगळे स्वयंसेवक बूट घालून कोठाराकडे धावले होते. एकजण न्हाव्याच्या खुर्चीतून तसाच उठलेला, गळ्यात फडकं, अर्ध्या गालाला फेस. तिथे कोठार जागच्या जागी उभं, आणि वर एक कबूतर. मग सगळ्या गाड्या वळून इकडे.

सर्वांत शेवटी लोइस आली, डेलबर्टची बायको. पायांत घरातल्या सपाता. गाडी रस्त्यात उघडीच टाकली. डेलबर्टला पाहिलं आणि हातातल्या पर्सने त्याच्या खांद्यावर मारत सुटली. "मी तुला मेला समजले! कळतंय का? मेला समजले!" मग माझ्याकडे पाहिलं. मलाही दोन मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

मान्य, आधी सांगायला हवं होतं. ते माझं चुकलं. आवाजात चूक नव्हती.

२८ मे

चर्चमधून बाहेर पडताना एकूण एक माणसाने चर्चचं दार अगदी हळू, दोन्ही हातांनी लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. पाद्रीबाबांनीसुद्धा.

५ जून

ग्लेन्डा स्टुरेक आली होती. कॅफे तिचा, आणि बोर्डाची अध्यक्षही तीच. घरी येताना डबा भरून कोलाचे, ते चेरी भरलेले गोड पाव, घेऊन आली, तेव्हाच ओळखलं की बातमी वाईट आहे.

"एमेट, गोंगाटाचा नियम आहे गावाचा."

"तो कुत्र्यांसाठी केलाय. मी होतो त्या मीटिंगला."

"कुत्री असं लिहिलेलं नाही त्यात. पुढच्या मीटिंगपर्यंत दाराला साखळी घाल. लोइसला अजून झोप येत नाही, बाबा."

लोइसचं नाव निघालं म्हणून साखळी घातली. ग्लेन्डासाठी नव्हे.

कोलाचे चांगले होते. डबा धुऊन परत केला.

१२ जून

मीटिंग. निर्णय पुढच्या महिन्यावर. सव्वा तास पोहण्याच्या तलावावरच गेला. तलाव दोन उन्हाळे कोरडा आहे, तळाला भेग. पोरांना पोहायला बिगेलोला न्यावं लागतं, किटलीच्या गावाला. याची मलाही लाज वाटते. भेग मी बुजवून देतो म्हणालो होतो. राज्याचा परवाना लागतो म्हणे. परवान्याने भेग बुजते का?

२१ जून

पाहुणा. ट्रेंट ओल्सन, ओमाहाहून. बूट इतके स्वच्छ की दारापाशी ते काढावेत की नाही याचा त्यालाच प्रश्न पडला. दारं आपोआप हळू मिटवणारे ते हवेचे दट्टे असतात ना, क्लोजर, ते बनवणाऱ्या कंपनीचा माणूस. पेपर वाचून आला. दाराभोवती दोन फेऱ्या मारल्या, चौकटीचे सांधे हाताने चाचपून पाहिले. माणूस अगदीच वाया गेलेला नाही.

"मिस्टर हॅव्हलिक, आमची कंपनी या दारासाठी खास क्लोजर बनवेल. जगातला सर्वांत मोठा. दार तुमचंच. जागा तुमची. पाटीवर तुमचं नाव वर, आमचं खाली. उंचीही बरोबर लिहू, एक्केचाळीस फूट दोन इंच."

हे त्याने घरून तयारी करून आणलं होतं. तरी मला बरं वाटलं, हे लिहून ठेवतो.

"आणि आवाज?" मी विचारलं.

"तीच तर गंमत. एवढं मोठं दार, आणि मिटताना फक्त हुश्श. लोक व्हिडिओ काढतील. विम्याची कटकट नाही, गोंगाटाचा नियम नाही." मग रक्कम सांगितली. पासष्ट हजार. त्यातले चाळीस गावाच्या तलावाला, तेही ग्लेन्डाशी आधीच बोलून. पंचवीस मला.

मी काही बोलायच्या आत त्याचं लक्ष आमच्या मागच्या दारावरच्या क्लोजरकडे गेलं. तो एकदम लहान पोरासारखा झाला. "अहो, हा आमचाच! जुनं मॉडेल. अजून चालतोय?"

"मीच बसवलाय," मी म्हटलं. "केंड्रा सोळाची होती. दिवसातून पन्नास वेळा दार आपटायची. बोलून बोलून घसा बसला, मग हे आणलं. त्या दिवसापासून आवाज बंद."

ट्रेंटने दार उघडून सोडलं. हुश्श. हसला. "पाहिलंत? घरात शांतता."

व्हर्ना ओट्यापाशी बटाटे सोलत होती. वळली नाही. "हो ना," ती म्हणाली. "पोरगी दोन बॅगा घेऊन याच दाराने गेली, आणि आम्ही दोघं पलीकडच्या खोलीत टीव्ही बघत होतो. पत्ता लागला नाही."

ट्रेंटला उगाच बटाटे आवडत असल्याचं आठवलं. परक्या माणसासमोर हे काढायची काय गरज होती, कळत नाही. विषय दाराचा चालला होता.

२२ जून

केंड्राबद्दल लिहून टाकतो, म्हणजे वहीत गैरसमज नको. ॲरिझोनात असते, लोकांचे दात साफ करण्याचं काम करते, काम चांगलं करते असं ऐकतो. जायचं म्हणाली तेव्हा मी म्हटलं होतं, जा, पण येता-जाता फुकटचं हॉटेल नाही हे. ते बोलायची एक पद्धत असते. नाताळला फोन येतो. मी 'हवा कशी आहे' विचारतो, ती 'गरम' म्हणते, मग फोन व्हर्नाकडे. भांडण काही नाही.

२५ जून

मागच्या दाराचा क्लोजर काढला. तेल गळत होतं.

व्हर्नाने दट्ट्या बोटाने पुसून पाहिला. कोरडा ठणठणीत. आतल्या आत गळतं, असं मी तिला समजावलं. दाराला जुनी स्प्रिंग लावली, ती गॅरेजातल्या तिसऱ्या डब्यात होतीच.

४ जुलै

परेड दारावरून गेली. ट्रॅक्टर, शाळेचा बँड, बंब, घोड्यावर ग्लेन्डाचा नवरा. दरवर्षीसारखं बटाट्याचं सॅलड आणि उन्हात भाजलेली माणसं. बाहेरगावचे लोक दाराशी उभं राहून फोटो काढत होते. एकाने विचारलं, "हे चालतं का?"

साखळी घातलेली. मी म्हटलं, "चालतं."

"मग दाखवा ना."

मला बिगेलोच्या किटलीची आठवण झाली. तिथून निघून घरी आलो, सॅलड न खाता.

रात्री आतषबाजी झाली, तासभर. अख्खा जिल्हा हादरत होता. गोंगाटाचा नियम कुणालाही आठवला नाही.

१० जुलै

मीटिंग. बंबाचं फायरहाऊस भरून माणसं. मागच्या टेबलावर लिंबाच्या वड्या, ब्राउनी, कॉफीचा मोठा थर्मास. पुढे ट्रेंट, शेजारी पुठ्ठ्यावर रंगवलेलं चित्र : माझं दार, त्याला क्लोजर, आणि पलीकडे निळाशार तलाव, त्यात हसणारी पोरं. पोरांचं चित्र काढायला नको होतं. तो वार कमरेखालचा होता.

ग्लेन्डाने मला उभं केलं. तीही 'मिस्टर हॅव्हलिक' म्हणाली. जिच्या कॅफेचं गळकं छप्पर मी ताडपत्री बांधून झाकलं, ती.

मी तयारी करून गेलो होतो. ऑक्टोबरभर धान्य वाळवायची यंत्रं दिवसरात्र घरघरतात ते सांगितलं. मालगाडीचा भोंगा सांगितला. चार जुलैची आतषबाजी सांगितली. मग आवाज कसा बनतो हे समजावं म्हणून जाळीच्या विणीपासून सुरुवात केली.

"एमेट," डेलबर्ट बोर्डाच्या टेबलावरून म्हणाला, "जाळी सोड. मुद्द्यावर ये."

"जाळी हाच मुद्दा आहे. वारा आरपार गेला नाही तर..."

"एका वाक्यात सांग," ग्लेन्डा म्हणाली. "हे दार आपटलंच पाहिजे, ते का? समोर चाळीस हजार आहेत. आपल्या पोरांचा तलाव आहे. तू का नको म्हणतोस, एका वाक्यात."

मी उभा. सगळे बघतायत. व्हर्ना दुसऱ्या रांगेत, मांडीवर पर्स, तीही बघतेय, आणि ती जशी बघत होती तशी गेल्या कित्येक वर्षांत माझ्याकडे बघितलेली नाही. जणू उत्तर तिला ठाऊक आहे आणि मी ते म्हणतो की नाही एवढंच पाहायचंय. तोंडातून एवढंच आलं : "कोण आलं, कोण गेलं, ते घरात कळलं पाहिजे."

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील.

मागून मिसेस प्रोहास्का उठल्या. पंचाऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांना फोनची घंटाही ऐकू येत नाही. "त्या दिवशी मला ऐकू आलं," त्या म्हणाल्या, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात. "सगळे म्हणतात स्फोट वाटला. मला स्फोट नाही वाटला. मला वाटलं पोरं आली शेतातून. मी कॉफी ठेवली चार कप." त्या खाली बसल्या. मग पुन्हा उठल्या. "ओतून द्यावी लागली. पण ठेवली."

फायरहाऊसमध्ये नुसता थर्मासचा नळ ठिबकत होता.

मग कुणालाही अपेक्षा नव्हती ते झालं. लोइस क्राउझ उभी राहिली. "त्या आवाजाने माझा अर्धा जीव गेला," ती म्हणाली. "म्हणून सांगते. वेळ ठरवून घ्या. ठरलेल्या वेळी झाला तर मी घाबरणार नाही. गावाचा संध्याकाळी सहाचा भोंगा जळालाय गेल्या शरदापासून. जेवायला कुणी वेळेवर घरी येत नाही. हा," तिने पर्सने नवऱ्याकडे दाखवलं, "तर मुळीच नाही."

लोक हसले. डेलबर्टही.

मतदान : रोज संध्याकाळी सहाला एकदा, भोंग्याच्या जागी. तीन विरुद्ध दोन. ग्लेन्डा विरुद्ध. ट्रेंटने चित्र गुंडाळलं आणि माझ्याशी हात मिळवला. म्हणाला, आमच्या साहेबांचा विचार बदलणार नाही, तुमचा बदलला तर कळवा. मी म्हटलं, माझं वय बघ.

तलाव याही वर्षी कोरडा राहणार. हे मीच केलं, आणि उद्या पुन्हा विचारलं तरी हेच करीन.

११ जुलै

कॅफेत गेलो. ग्लेन्डाने कॉफी ओतली. कप संपला. ती भांडं घेऊन आली, माझ्या डावीकडच्याचा कप भरला, उजवीकडच्याचा भरला, आणि गेली. या गावात आजवर रिकामा कप रिकामा राहिलेला मी पाहिला नाही.

तसाच बसलो. अर्धा तास. रिकाम्या कपासमोर. मीही हटत नाही.

१५ जुलै

आज कपात कॉफी आली. अर्धाच कप, पण आली. म्हणाली, "तलावाची भेग. परवानावाला माणूस मिळवून दिला तर त्याच्या हाताखाली काम करशील?"

"कुणाच्या हाताखाली काम करायची मला सवय नाही."

"मग सवय कर," ती म्हणाली, आणि भांडं घेऊन पुढे गेली.

विचार करतो आहे.

२३ जुलै

सहाला खिटी ओढतो. लोक गाड्या थांबवून बघतात. कोपऱ्याकोपऱ्यावरून पोरं सायकली वळवून घरी पळतात. मिसेस प्रोहास्का व्हरांड्यात येऊन बसतात. काल त्यांच्याकडे खरंच कॉफी प्यायला गेलो. चार कप होते, आम्ही दोघं.

व्हर्ना म्हणाली, पहिल्या चाचणीचं शूटिंग तिने केंड्राला पाठवलं होतं, त्याच दिवशी. मला सांगितलं नाही. विचारलं, मग ती काय म्हणाली? व्हर्नाने फोन दाखवला. एकच ओळ होती : 'बाबाला सांग, दार आपटू नकोस. किती वेळा सांगायचं?'

ते माझं वाक्य आहे. शब्दन् शब्द.

मी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग विंचला ग्रीस घालायचं होतं, ते घातलं.

६ ऑगस्ट

गॅरेजात होतो, होडीचा गाडा मांडून बसलो होतो. सुरुवात तर करून ठेवावी. सहा वाजायला अवकाश होता. मागचं दार वाजलं. किरर्र, धाड्, आणि तो धाकटा धप्.

व्हर्ना असं दार कधीच लावत नाही.

इतकी वर्षं तोंडात बसलेलं वाक्य आपोआप बाहेर पडलं, गॅरेजातूनच, वर न बघता : "दार आपटू नकोस!"

मग दार उघडल्याचा आवाज. मग पुन्हा धाड्, आधीपेक्षा जोरात.

मी पाना खाली ठेवला. हात पुसले. फडकं सापडत नव्हतं, शर्टाला पुसले. बाहेर आलो तर पायरीवर उभी, हातात दोन बॅगा, तोंड उन्हाने लाल. केस कापलेत. त्याने चेहरा व्हर्नासारखा दिसतो, ते आधी लक्षात आलं नव्हतं.

"हवा कशी आहे तिकडे?" मी विचारलं.

"गरम," ती म्हणाली. "बाबा, तुझ्या डोळ्यांत ग्रीस गेलंय."

गेलं होतं.

सहाला खिटी तिने ओढली. मी सांगितलं, एका झटक्यात, हिसका नको. तिने बरोबर ओढली. कुणी शिकवल्याशिवाय.

१२ ऑगस्ट

केंड्रा अजून दहा दिवस आहे. सकाळी धावायला जाते : धाड्. परत येते : धाड्. गाडीत चष्मा विसरते : धाड्, धाड्. लोइसकडे जाते, मिसेस प्रोहास्कांकडे जाते, होडी बघायला येते आणि गाड्याची चाकं उलटी बसवल्याचं मला दाखवते. उलटी नाहीत. एक होतं.

दुपारी व्हर्ना कपाळाला हात लावून स्वैपाकघरात बसली होती. म्हणाली, कान किटले. जिल्ह्याच्या गावी हार्डवेअरच्या दुकानात नवा क्लोजर पाहून ठेवलाय तिने. अंडी विकून जमवलेल्या पैशांतून ती स्वतः आणेल, मला नुसते दोन स्क्रू पिळायचे आहेत, तेही केंड्रा गेल्यावर पुन्हा काढायचे असतील तर काढता येतील.

ती हे हसत म्हणत होती की रडत, ते मला बसलेल्या जागेवरून नीट दिसलं नाही. देकार सरळ होता, रोख होता. साफ नाही म्हणून सांगितलं. रक्कम अठरा डॉलर पंच्याण्णव सेंट.